निरोपाचा मेंढा

बैशेनालीने दिव्याची तार इंजिन तापवणाऱ्या चौथ्या हीटर प्लगच्या टोकाला टेकवली. दिवा लागला.

"चारही ठणठणीत!" त्याने जाहीर केलं आणि कोपरा फाटलेल्या चौकड्यांच्या रुमालाला हात पुसले. "प्लगचा काही दोष नाही, व्याही. डिझेलच गोठलंय."

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार," ओमुरझाक म्हणाला आणि पुढचे शब्द त्याने गिळून टाकले.

ही कसली तपासणी! चारही प्लगना जोडणारी पट्टी काढल्याशिवाय दिवा लावून बघायचा म्हणजे नुसता पोरखेळ. एक प्लग जिवंत असला की त्याच्या जिवावर मेलेले तीनही जिवंत दिसतात. जन्मभर ट्रॅक्टरच्या पोटात हात घालून बसलेल्या ओमुरझाकला हे कळत होतं. पण सुनेच्या बापाला, तेही आपल्याच अंगणात, तुम्ही चुकताय असं म्हणायचं? अख्ख्या आत-बाशी गावात त्याला कुणी सलाम केला नसता.

गप्प बसणं मात्र महागात पडत होतं. व्याही-विहीण लेकीला भेटायला आले, राहिले, जायला निघाले. निघणाऱ्या व्याह्यासाठी मेंढरू कापायचं, ते कापलं. जेवणं झाली, गळाभेटी झाल्या, विहीणबाई डोळे पुसत गाडीत बसल्या आणि गाडी नुसतीच खोकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप, म्हणजे पुन्हा मेंढरू. शिळ्या मटणावर व्याह्यांची बोळवण कोण करणार? थंडी हटेना, गाडी चालू होईना, आणि मेंढरांचं वाडगं रिकामं होत चाललं. आता उरल्या होत्या गाभण मेंढ्या आणि काळतोंड्या. काळतोंड्या हा पैदाशीचा मेंढा. तो गेला की कळपच बसला.

"आज काय कापणार?" ओमुरझाकच्या बायकोने, कुलिपाने, जवळून जाताना विचारलं. "मला?"

"हळू बोल."

"काळतोंड्याला हात लावलात तर मी माहेरी निघून जाईन. चालत. मला काही हीटर प्लग लागत नाहीत."

बैशेनाली चहाला आत गेला तसं ओमुरझाकने बॉनेट उघडलं. स्वतःच्याच अंगणात चोरी करायची वेळ आली होती. बोटं लोखंडाला चिकटत होती. त्याने पट्टी सोडवली आणि एकेका प्लगला वेगवेगळी तार लावून पाहिली. पहिल्यावर दिवा लागला. दुसऱ्यावर लागला. तिसऱ्यावर, चौथ्यावरही.

म्हणजे व्याह्याचंच खरं! ओमुरझाक खजील झाला. तरी सवयीने त्याने पट्टीकडून मागे जाणाऱ्या जाड तारेवरून बोट फिरवलं. या तारेतून प्लगना वीज यायची. बॅटरीच्या मागे ती तार सुटी लोंबत होती, आणि तिच्या टोकाला चौकड्यांच्या कापडाची चिंधी नीट गुंडाळून वर गाठ मारलेली होती. आपोआप निसटलेली तार स्वतःला चिंधी बांधून घेत नाही.

त्याच्या तोंडून शिवी निघणारच होती. कापलेली सगळी मेंढरं डोळ्यांपुढून गेली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हसणं ऐकू आलं, अगदी खळखळून. कोण हसतंय हे कळायला त्याला वेळ लागला. सायरागुल पानगळीत सून होऊन आली होती. नवरा लांबच्या खाणीत पाळीवर, आणि सासऱ्यापुढे मान खाली. "चहा घ्या" यापलीकडे तिचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. ही पोर अशी हसते हे त्याला माहीतच नव्हतं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

त्याने पट्टी बसवली, चिंधी होती तशी ठेवली आणि बॉनेट लावलं. मागे वळला तर दारात बैशेनाली उभा. चेहरा पार उतरलेला.

"बघितलंत वाटतं?"

"बघितलं. प्लग उत्तम आहेत."

"मग?"

"डिझेलच. तुम्ही म्हणालात तेच."

आणि तो वाडग्यात जाऊन काळतोंड्याला शिंगांना धरून घेऊन आला. कापण्याआधी जनावर पाहुण्यापुढे आणायचं, पाहुण्याने तळवे उघडून दुवा द्यायची, अशी रीत. कुलिपा कमरेवर हात ठेवून बघत होती. बैशेनालीने तळवे वर केले आणि मेंढा नीट पाहिला. त्याचाही जन्म कळपामागेच गेला होता. तळवे तसेच अधांतरी राहिले.

"हा पैदाशीचा ना, व्याही?"

"हो."

"थांबा. एकदा सेल्फ मारून बघतो."

आधी बॉनेट उघडून तो पाठमोरा बराच वेळ घुटमळला. ओमुरझाकने तेवढा वेळ आभाळाकडे पाहिलं. मग बैशेनाली आत बसला, थांबला, किल्ली फिरवली. गाडी थरथरली, धूर ओकली आणि चालू झाली. कुलिपाने काळतोंड्याला नवऱ्याच्या हातातून ओढून घेतलं.

विहीणबाई डोळे पुसत गाडीत बसल्या. सायरागुल उंबऱ्यात उभी होती, पुन्हा मान खाली घालून.

"पोरी, कोट घाल," ओमुरझाक म्हणाला. "ही गाडी भरवशाची नाही. दोलोन घाटात बंद पडली तर धक्का मारायला माणूस हवं. तू जा बरोबर."

तिने मान वर केली आणि पहिल्यांदाच सासऱ्याकडे सरळ पाहिलं.

"आणि व्याही, हिला परत सोडायची घाई नको. या दिवसांत डिझेलचा काही नेम नाही. गोठलं की पंधरा पंधरा दिवस गोठतं."

बैशेनालीने घाईने खिशात हात घातला आणि जे हाताला लागलं त्याने डोळे पुसले. ती चिंधीच होती, गाठ अजून न सुटलेली.

ओमुरझाक पुन्हा आभाळाकडे पाहू लागला.