जात्यावरचा सहादेव

रंगुबाईला राग आला की ती आधी पदर खोचते आणि मग तोंड उघडते. त्या दिवशी पदर दोनदा खोचून झाला तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. समोर नगरच्या कॉलेजातल्या राजेश्वरी मॅडम मोबाईल धरून बसल्या होत्या, आणि मोबाईलमधून पुणतांब्याची कोण एक मालनबाई गात होती:

*घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघती,*
*माझ्या वाल्मिक बंधवाची सायेब छाती मोजती.*

"कोन हा वाल्मिक?" रंगुबाईनं शेवटी विचारलं.

"त्यांचा भाऊ असेल, आजी. दोन वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे." लढाईच्या विरोधात बायकांनी रचलेल्या गाण्यांचं एक पुस्तक मॅडम करत होत्या. सोमवारी ते छापायला जायचं होतं. "तुम्हीही हेच गाणं म्हणता असं कळलं, म्हणून आले. तुमच्या गाण्यात वेगळं नाव आहे का?"

"येगळं? बाई, खरं नाव माझ्याकडं हाय. सहादेव."

आता तुम्ही म्हणाल, एका नावासाठी म्हातारीनं एवढं तापायचं काय कारण. पण सहादेवाचं दुसरं काही मागं राहिलंच नव्हतं. ना फोटो, ना समाधी, ना सातबाऱ्यावर नाव. बेचाळीस साली घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात इंग्रज सरकारचा माणूस फौजेच्या भरतीसाठी टेबल टाकून बसला. एकीकडं व्यापारी बैलांच्या जबड्यात बोटं घालून दात बघत होते, दुसरीकडं हा फीत लावून पोरांच्या छात्या मोजत होता. सहादेव वीस वर्षांचा, छाती भरली, अंगठा उमटवून गेला. वर्षानं कागद आला, त्यावर बेपत्ता एवढंच होतं.

त्याची बहीण भीमा, म्हणजे रंगुबाईची आत्या. तिनं जात्यावर बसून हे गाणं रचलं, आणि नुसतं घरात रडत बसली नाही. पुढच्या बाजाराला तो टेबलवाला पुन्हा आला तेव्हा दहा-बारा बायका घेऊन ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि गायला लागली:

*राजाराजांची लढाई, त्यांचं काय बाई जातं,*
*माझ्या सहादेवावाचून पेरणीचं शेत ऱ्हातं.*

पाटलानं दम दिला, शिपायानं काठी आपटली. बायका गातच राहिल्या आणि ओळीतली पोरं आयांच्या तोंडाकडं बघत एक एक करून बैलांच्या मागं पांगली. त्या दिवशी टेबलवाल्याला दोनच अंगठे मिळाले. ही गोष्ट रंगुबाई सांगते तेव्हा कधी दोन म्हणते, कधी एकही नाही म्हणते, पण दोन खरं असावं.

बायकांची रीत अशी की ओवीत जिच्या तिच्या भावाचं नाव घालायचं. रंगुबाईला भाऊ नव्हता. लहानपणी जात्यावर नावाची जागा आली की ती गप्प बसायची आणि बाकीच्या पोरी हसायच्या. एकदा आत्यानं तिला मांडीशी ओढलं आणि म्हणाली, "तुला भाऊ न्हाई ना? माझा घे." तेव्हापासून साठ-पासष्ट वर्षं रंगुबाई चुलत्यालाच भाऊ करून गात होती. आता ते गाणं छापणार आणि त्यात सहादेवच नाही, म्हणजे तिच्या जिवाला घोर लागणारच.

"मॅडम, सोमवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मी त्या बाईला भेटून येते."

दुसऱ्याच दिवशी तिनं पोराला, बिभीषणला, टेम्पो काढायला लावला. टेम्पो शेळ्या वाहायचा. धुऊन घेतला तरी वास काही गेला नव्हता. घोडेगावहून नेवासा, श्रीरामपूर करत पुणतांब्याला पोचेपर्यंत म्हातारीनं भांडणाची पूर्ण तयारी केली. पहिलं काय बोलायचं, समोरची काय बोलंल, मग आपण काय बोलायचं, सगळं ती बिभीषणला ऐकवत होती. तो बिचारा व्हय व्हय करत गाडी हाकत होता.

मालनबाईचं घर गोदावरीच्या बाजूला, उसाच्या कडेला, चांगलं बागायतदाराचं. ती पडवीत शेंगा फोडत बसली होती. रंगुबाईनं पाणी प्यायच्या आधीच पदर खोचला.

"गानं घोडेगावच्या बाजाराचं, आन् नाव तुमच्या भावाचं? हे कसं वो बाई?"

मालनबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "बसा तर आधी. उभ्यानं भांडून पाय दुखतील." सुनेला चहा ठेवायला सांगून ती म्हणाली, "गानं माझ्या आईचं न्हाई, ते मला ठाव हाय. मी सात-आठ वर्षांची असंन. ऊस तोडायला पाथर्डीकडची टोळी आल्ती. त्यातली एक बाई सांजच्याला आमच्याकडं दळायला यायची. डाव्या हाताचा अंगठा थोटा हुता तिचा, चार बोटांनी खुंटा धरायची. तिनं शिकिवलं आईला."

रंगुबाईनं खोचलेला पदर काढला. भीमाआत्याचा अंगठा कोयत्यानं गेला होता. आत्याला पाथर्डीकडं दिलं होतं, कोरडवाहू घर, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जावं लागायचं. ती कुठल्या गावाला जायची हे माहेरी कुणी कधी विचारलं नव्हतं.

"ती माझी आत्या," रंगुबाई म्हणाली. "काय म्हनायची ती? नाव कोनाचं घ्यायची?"

"ते न्हाई आठवत. पन आईला म्हनली, तू तुझ्या भावाचं घाल. मग मी माझ्या वाल्मिकचं घातलं. रीतच हाय ना."

रीत होतीच. टेम्पोत रचलेलं सगळं भांडण जागच्या जागी संपलं. चहा आला, शेंगा आल्या, ठेचा-भाकरीचा आग्रह झाला. जेवण झाल्यावर रंगुबाईची नजर पडवीच्या कोपऱ्यातल्या जात्यावर गेली. "म्हना की एकदा. त्या मोबाईलमधी नीट ऐकू येत न्हाई."

मालनबाईनं मान हलवली. "सोडलं मी ते. वाल्मिक गेला दिवाळीत. गेलेल्या मानसाचं नाव जात्यावर घेत न्हाईत. दुसरा भाऊ न्हाई मला. पुस्तकवाल्या मॅडमला सांगायचं व्हतं, पन सांगवंना."

रंगुबाईला फार वाईट वाटलं. या बाईशी भांडायला आपण सत्तर किलोमीटर आलो याची लाजही वाटली. मग ती उठली, जात्यापाशी जाऊन बसली आणि पलीकडची जागा हातानं झाडली.

"इकडं या. माझा भाऊ घ्या. सहादेव."

"तोबी गेलाच ना लढाईत?"

"कोन म्हनलं? कागदावर बेपत्ता हाय. माझ्या आजीनं त्याचं सुतक धरलं न्हाई, तेरावं केलं न्हाई, पित्राला कधी पान वाढलं न्हाई. ती म्हनायची, मेला म्हून कुनी सांगितलंय मला? मरंस्तवर त्याचं ताट मांडून ठेवलं तिनं. आमच्या घरात सहादेव अजून यायचा हाय. त्याचं नाव घेतलेलं चालतंय."

मालनबाईनं बराच विचार केला. रीतीभातीत ती पक्की होती, असं कुणाचंही ऐकणारी नव्हती. पण हे तिला पटलं. ती येऊन बसली. "आन् भाऊबीजेला ओवाळनी कोन घालंल?" तिनं विचारलं.

"मी हाय की, घरातली."

सुनेनं पसाभर ज्वारी आणून दिली. जातं फिरलं. रीतीप्रमाणं रंगुबाईनं पहिली ओळ उचलली, बाजाराची, बैलांची. दुसऱ्या ओळीला ती मुद्दाम थांबली. मालनबाईनं ती उचलली:

*माझ्या सहादेव बंधवाची सायेब छाती मोजती.*

दळण संपेपर्यंत त्यांनी सगळ्या ओव्या म्हटल्या. बिभीषण पडवीच्या पायरीवर बसून ऐकत होता. एवढं गाणं त्यानं आईच्या तोंडून आजवर कधी सलग ऐकलं नव्हतं.

निघायच्या वेळेला त्याचा मोबाईल वाजला. राजेश्वरी मॅडम होत्या. "काय ठरलं? नाव कोणतं छापू?" स्पीकरवर सगळ्यांना ऐकू गेलं. रंगुबाईनं उत्तरासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात मालनबाईनं मोबाईल आपल्याकडं घेतला.

"मॅडम, मालनबाई बोलते, पुनतांब्याहून. सहादेव छापा."

"पण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तर वाल्मिक आहे. सहादेव कोण तुमचे?"

मालनबाईनं पिठाचा हात पदराला पुसला. "भाऊ हाय माझा," ती म्हणाली. "लढाईवर गेलाय."