डिलीटच्या आधी कॅन्सल

सुनील खोटं बोलतोय, याबद्दल नूतनला तिळमात्र शंका नव्हती.

डिंभ्याच्या बियाणे केंद्राची ती प्रमुख, सुनील तिथला कॉम्प्युटरवाला. जुन्या भातवाणांबद्दल म्हाताऱ्या बायांनी सांगितलेलं सगळं रेकॉर्ड करून शेजारच्या खोलीतल्या स्टोरेजमध्ये जपलेलं. त्यातून काल गेलं ते नेमकं लंकाबाईंचं बोलणं. लंकाबाई आता हयात नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. एक वाण सुनीलच्या आजीने माझ्या घरून मागून नेला, असं त्या बोलल्या होत्या. तो वाण आपलाच म्हणणाऱ्या सुनीलच्या घरच्यांना ते फार झोंबलं होतं.

“चुकून डिलीट दाबलं, ताई. पन लगीच कॅन्सल केलं. मंग कसं गेलं, देवाला ठावं.”

“देवाला कशाला मध्ये घेतोस?” नूतन म्हणाली आणि तिने स्टोरेजच्या नोंदी उघडल्या. कॅन्सल आलं काल अकरा बेचाळीस आणि सात सेकंदांना. डिलीट झालं नवव्या सेकंदाला. म्हणजे पठ्ठ्याने आधी कॅन्सलचं नाटक केलं आणि मग सावकाश पुन्हा दाबलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संस्थेचे अध्यक्ष दादाभाऊ घोडेगावला बसत. तोंडी सांगितलेलं ते ऐकत नसत, त्यांना कागद लागे. ‘सुनीलला कामावर ठेवू नये’ असं लिहून तिने लिफाफा दहाच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला.

पुरावा म्हणून नोंदी छापताना तिला आदेशांचे नंबर दिसले. डिलीट चारशे अठरा, एकदाच. सुनीलने पुन्हा काही दाबलंच नव्हतं. स्टोरेजकडे दोन केबल जात होत्या. डिलीट एकीत अडकलं. कॅन्सल तातडीचं, ते रांग सोडून दुसरीतून पुढे गेलं. स्टोरेजने उत्तर दिलं, असा आदेश आलेला नाही, आणि ते कॅन्सल विसरून गेलं. दोन सेकंदांनी चारशे अठरा नंबरचं डिलीट पोचलं, तेव्हा स्टोरेजने मुकाट हुकूम बजावला.

तिला स्वतःची लाज वाटली. तिने घाईने घोडेगावला फोन लावला.

“कसलं पत्र?” दादाभाऊ म्हणाले. “हितं काय आलं न्हाई. एसटी वाटंत बंद पडलीया म्हणं.”

“आलं तर वाचू नका.”

“का? काय हाय त्यात?”

एका निर्दोष पोरावर आपण काय आळ घेतलाय, हे तिच्या तोंडून निघेना. “काही नाही. राहू द्या,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. दादाभाऊही ते विसरून गेले.

तीन वाजता सुनील फोन हातात धरून तिच्या टेबलापाशी आला.

“दादाभाऊ म्हणले, उद्यापासनं येऊ नगंस. तुमी पत्र धाडलं व्हतं, ताई?”

“धाडलं होतं. पण तुझा दोष नव्हता, ते कळलं मला. पत्र पोचायच्या आधीच मी फोन करून ते रद्द केलं होतं.”

सुनीलने फोन खिशात टाकला.

“आदी रद्द केलं, आन मंग पत्र पोचलं,” तो म्हणाला. “सकाळी हे मी सांगितलं असतं, तर तुमी मानलं असतं का?”