छपरावरची जागा

मागच्या सहलीच्या पाच रात्री धाकटीने गाडीच्या ड्रायव्हर-सीटवर काढल्या होत्या. धाकटी म्हणजे त्या घरातली धाकटी सून. माल वाहतुकीच्या कंपनीत कुठल्या ट्रकवर किती वजन चढवायचं, कुठलं खोकं खाली ठेवायचं नि कुठलं वर, हे ती ठरवायची. तिने आखलेला ट्रक बारा वर्षांत एकदाही कलंडला नव्हता. घरात मात्र तिला कुठे ठेवायचं हे दुसरेच ठरवत.

त्या सहलीला गाडीच्या छपरावर बसवायचा तंबू भाड्याने आणला होता. चौघांचा, असं दुकानदार म्हणाला होता. तंबूवाल्यांचे चौघे बिनखांद्यांचे असतात हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. वर तिघेच मावणार होते. मग भावोजींनी, म्हणजे तिच्या मोठ्या दिरांनी, जागा वाटल्या. गाडी त्यांची, म्हणून ते वर. जाऊबाईंना खाली एकटीला भीती वाटते, म्हणून त्या वर. धाकट्या भावाची, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची, पाठ धरते, त्याला सपाट गादी हवी, म्हणून तोही वर. उरली धाकटी, आणि मागे नि शेजारी सामान, म्हणून तिला ड्रायव्हर-सीट. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि नवऱ्यानेही नुसती तिची उशी खिडकीतून आत दिली. उशी द्यायला तो विसरला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

स्टिअरिंग पोटात, गिअरचा दांडा गुडघ्यात. तिसऱ्या सकाळी ती मान वाकडी करून चहाला आली, तेव्हा भावोजी म्हणाले, "हिचं बरं आहे. पोत्यासारखी कुठेही टाका, झोप लागते." भावोजी स्वतःच्या बोलण्यावर हसले. मग नवरा हसला. आधी जरा थांबला होता, पण हसला. जाऊबाई हसल्या नाहीत. त्या पावाला लोणी लावत राहिल्या.

वाकडी मान आठवड्यात सरळ झाली. ते हसणं मात्र धाकटीने जपून ठेवलं, क्रमवारीसकट.

यंदा भावोजींनी नवी गाडी घेतली. उंच, चकचकीत, आणि छप्पर पुढपासून मागपर्यंत काचेचं. आकाश बघत प्रवास करायचा, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि आता भाड्याचा तंबू नको, स्वतःचाच घ्यायचा. निवड कुणी करायची? "हिला वजनाबिजनाचं कळतं, हिला बघू दे," असं म्हणून त्यांनी काम धाकटीच्या गळ्यात घातलं. कंटाळवाणं काम कुणाच्या तरी गळ्यात घालताना ते नेहमीच असं कौतुक करत.

धाकटीने महिनाभर मन लावून काम केलं. कापडी घडीचे तंबू आणि कडक कवचाचे तंबू. गादीची जाडी, शिडीची उंची, पाऊस आला तर चेन कुठून गळते. एक दिवस भावोजींच्या गाडीतलं माहितीपुस्तक काढून ती छपराच्या पानापर्यंत आली आणि तिथेच थबकली.

गाडी उभी असताना छप्पर तीनशे किलो पेलणार होतं. गाडी चालू असताना पन्नास. काचेचं होतं ना. वळणावर आणि खड्ड्यात वजन जागचं राहत नाही, ते छपराला ओढतं, हलवतं, हे तिच्या खात्यातल्या कालच्या पोरालाही माहीत असतं. बाजारातला सगळ्यात हलका तंबू पंचेचाळीस किलोचा आणि त्याच्या खालच्या दांड्या सहाच्या. एका किलोने भावोजींचं छप्पर बाद झालं होतं.

तिने पुस्तक मिटून होतं तिथे ठेवलं. बरेच महिने लागली नव्हती अशी गाढ झोप तिला त्या दिवसापासून लागू लागली.

भावोजींनीही ते पान चाळलं होतं, पण मोठा आकडा दिसल्यावर ते पुढे वाचत नसत. "तीनशे किलो," ते जेवताना म्हणाले. "तंबू सत्तरचा, वर आपण तिघं. हसत पेलेल."

"उभ्या गाडीवर पेलेल," धाकटी म्हणाली आणि भाजी वाढली. खोटं तिने काही सांगितलं नाही. पुढचा प्रश्न कुणी विचारला असता तर उत्तरही दिलं असतं. 'आपण तिघं' हेही तिने ऐकून ठेवलं.

मग तिने भावोजींना फुगू दिलं. त्यांनी सत्तर किलोवाला, सगळ्यात रुंद तंबू पसंत केला, त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, ऑफिसात पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. सुट्ट्या मंजूर झाल्या, जंगलाकाठची जागा ठरली. जमिनीवर तंबू ठोकणाऱ्यांना त्यांनी किड्यामुंग्यांचे पाहुणे म्हणून हिणवलं. धाकटी मान डोलवत राहिली.

तंबू बसवायच्या दिवशी सगळे दुकानात गेले. भावोजी, जाऊबाई आणि नवरा नव्या गाडीतून. धाकटी मागून आपल्या जुन्या चौकोनी गाडीतून, जिला घरात डबा म्हणत.

दुकानदार शांत माणूस होता, कानावर पेन्सिल. त्याचा एक नियम भिंतीवरच लिहिलेला होता: आधी दहा मिनिटं झोपून बघा, मग पैसे द्या. लोक उभ्याने तंबू निवडतात आणि आडवे झाल्यावर पस्तावतात, असं त्याचं म्हणणं. पण झोपण्याआधी तो छप्पर बघायचा. भावोजींच्या गाडीपाशी गेला, काचेवर बोटाने टकटक केली आणि माहितीपुस्तक मागितलं.

"तीनशे," भावोजी पुस्तक देताना म्हणाले.

दुकानदाराने खालची ओळ मोठ्याने वाचली. मग त्याने पंचेचाळीस अधिक सहा हेही मोठ्याने सांगितलं. बाकीची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. भावोजी एका किलोसाठी घासाघीस करू लागले, जसं काही काच त्यांचं ऐकणार होती. दुकानदार म्हणाला, तुमच्या डोक्यावर फुटेल ती, माझ्या नाही, आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

भावोजी धाकटीकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"म्हणाले होते ना मी, उभ्या गाडीवर म्हणून."

दुकानदाराचं लक्ष डब्याकडे गेलं. जुन्या पद्धतीचं पत्र्याचं छप्पर, दोन्ही कडांना दांड्या अडकवायला मजबूत पन्हळ. त्याचा चेहराच उजळला. ही गाडी कुणाची? हिच्यावर चालत्या गाडीत शंभर किलो खुशाल टाका. तो रुंद तंबूसुद्धा हिला टोपीसारखा बसेल.

नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. भावोजींनी खांदे सरळ केले आणि ठीक आहे, मग तोच रुंद हिच्यावर चढवा, असं दुकानदाराला सांगूनही टाकलं.

"नको," धाकटी म्हणाली. "मला तो कोपऱ्यातला हवा. दोघांचा. पैसे मी देते."

"अगं, चौघांचा बसतोय की," नवरा म्हणाला.

"बसतोय. पण मला नको."

गाडी तिची, पैसे तिचे, आणि गाडी ज्याची तो ठरवणार हा कायदा कुणी केला होता ते चौघांनाही माहीत होतं.

दुकानदाराने दोघांचा तंबू उघडून शिडी लावली. धाकटी चप्पल काढून वर चढली आणि आडवी झाली. गादी चार बोटं जाड. वर पांढरं कापड, त्यातून येणारा मऊ उजेड. तिने पाय लांब केले. ते कशालाही लागले नाहीत.

शिडीची खालची पायरी कुरकुरली. नवरा होता. "सरक जरा," तो म्हणाला.

धाकटीने कुशीवर वळून खाली पाहिलं. तिघेही वर बघत होते. जागा वाटायला तिला फार विचार करावा लागला नाही. ते काम वर्षभरापूर्वीच झालं होतं.

"जाऊबाई, नव्या गाडीची मागची सीट तुम्हाला. सपाट होते ती," ती म्हणाली. "तुम्ही हसला नव्हता. बोललाही नव्हता काही, म्हणून वर नाही."

जाऊबाईंनी मान खाली घातली, मग हळूच हलवली. सौदा त्यांना परवडण्यासारखा होता.

"भावोजी ड्रायव्हर-सीटवर. गाडी त्यांची आहे."

"आणि मी?" नवऱ्याने विचारलं. त्याचा एक पाय अजून पायरीवर होता.

"तू थांबून हसला होतास. तू शेजारच्या सीटवर. तिथे स्टिअरिंग नाही."

"माझी पाठ..."

"उशी देईन मी खिडकीतून."

त्याने एकदा भावाकडे पाहिलं. मग पायरी पुन्हा कुरकुरली आणि गप्प झाली. धाकटीने शिडी आत ओढून घेतली. नळीत नळी जाऊन ती आखूड होत गेली, कट् कट् कट्.

दहा मिनिटं झाल्याचं दुकानदाराने खालून सांगितलं. ती म्हणाली, अजून दहा. शेजारी दुसऱ्या माणसाची जागा तशीच रिकामी होती, आणि तिच्याकडे बघितल्यावर धाकटीला क्षणभर नवऱ्याला वर बोलवावंसं वाटलं. तिने आपली पर्स तिथे ठेवली आणि डोळे मिटले.