चौथ्या नळीची निळी टोपी

तारखांचा अहवाल उघडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या चौथ्या नळीत वरचा थर जुना, खालचा नवा! समुद्राच्या तळावर गाळ थरावर थर साचत जातो. जुना वर येईलच कसा? नळी उलटी ठेवली असेल तरच.

त्या एक मीटर गाळावर माझा अख्खा प्रबंध उभा होता. मातीतल्या खनिजांवरून आणि निओडिमियम नावाच्या धातूवरून त्या काळी पाणी कुठल्या बाजूने येत होतं ते कळतं. एक प्राचीन प्रवाह अचानक फिरला आणि आठशे वर्षं उलटा वाहिला, असं मी दाखवलं होतं. पेपर छापून आला, कौतुक झालं. पुढच्या आठवड्यात पदवीची तोंडी परीक्षा. एका परीक्षकाने चौथ्या नळीच्या वेगळ्या तारखा मागितल्या, म्हणून हे बाहेर आलं.

नळ्या सांभाळणं कोणाचं काम? भांडारातल्या काकांचं. 'भांडारपालाच्या निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात करून तीन ओळींची तक्रार खरडली, संचालकांपासून सगळ्यांना पाठवली आणि तरातरा खाली गेले.

शीतगृहात काका स्वेटरवर स्वेटर चढवून लेबलं चिकटवत होते.

"काका, तीस वर्षं नळ्या सांभाळता ना? निळी टोपी वर, पांढरी खाली, एवढंही कळत नाही? माझ्या पाच वर्षांची माती केलीत!"

"आधी बसा."

"बसायला नाही आले मी!"

त्यांनी दोन ट्रे ओढले. प्रत्येक नळी उभी चिरतात. एक अर्धं कामासाठी, दुसऱ्याला कोणी हात लावायचा नाही. न शिवलेल्या अर्ध्यात ज्वालामुखीच्या राखेची काळी रेघ निळ्या टोपीजवळ होती. माझ्या अर्ध्यात तीच रेघ पांढऱ्या टोपीजवळ.

मग त्यांनी जुनी नोंदवही काढली. चार वर्षांपूर्वीची तारीख, टपोरं अक्षर: 'नळी चार. बाईंनी टोप्या धुवायला काढल्या, लावताना अदलाबदल झाली. सरांना सांगितलं.' खाली माझ्या मार्गदर्शक सरांची सही.

मला तो दिवस लख्ख आठवला. टोप्या चिखलाने बरबटल्या होत्या. फोटो स्वच्छ यावेत म्हणून मी त्या धुतल्या होत्या. मीच.

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज अजून चढलेलाच होता.

"सर म्हणाले, हात लावू नका, मी सांगतो तिला. पेपर आला तेव्हा वाटलं, निस्तरलं असेल. ते आकडे मला कुठे कळतात?"

दार न वाजवता मी सरांच्या खोलीत घुसले आणि वही टेबलावर आपटली.

सरांनी चष्मा पुसला. "तेव्हा विसरलो गं. नंतर आलेख इतका सुंदर आला, की..."

"की काय, सर?"

"हे बघ, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. काका पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. चूक त्यांची म्हणू, नळी वगळू. तुझी पदवी वाचेल."

"त्यांच्यावर खापर फोडायचं? लाज नाही वाटत?"

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "तूच फोडलंयस, सकाळी. संचालकांनी चौकशी लावलीय."

त्या माणसाच्या तोंडावर वही फेकून मारावीशी वाटली. आणि तो खरं बोलत होता, म्हणून जास्तच.

जागेवर येऊन लिहिलं: 'टोप्या माझ्या हातून बदलल्या. काकांनी त्याच दिवशी नोंद केली, पानाचा फोटो जोडला आहे. सरांना चार वर्षं माहीत होतं. प्रवाह उलटा वाहिल्याचा माझा निष्कर्ष चूक आहे. पेपर मागे घेते आहे.' सकाळच्या सगळ्या पत्त्यांवर पाठवलं. परीक्षा गेली, पदवी गेली. राग तेवढा होता तिथेच होता.

खाली गेले तर काकांनी चौथी नळी टेबलावर काढून ठेवली होती. दोन्ही टोप्या शेजारी.

"काका, मी..."

"आधी लावा."

मी निळी टोपी उचलली. काळी रेघ दोनदा तपासली, टोपी लावली, दाबली. ती पक्की बसेपर्यंत काकांनी माझ्या हातांवरून नजर काढली नाही.

"हं," ते म्हणाले. "आता बोला."