पाचच्या आत

लाखेने बंद केलेला लिफाफा माझ्या छातीशी होता आणि लेक माझ्यामागून जिने चढत होती. शाळा अर्ध्या दिवसाची, घरी कुणी नाही, म्हणून सोबत आणलेली. मी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत शिपाई आहे. तिथलं टपाल सभागृहाच्या सचिवांना नेऊन द्यायचं, हे माझं काम. टेबलावर ठेवलेलं चालत नाही. हातात दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाची वेळ वहीत चढली, की पोचलं.

"आत काय आहे गं?" लेकीने विचारलं.

"नकार."

"कशाला?"

थाप मारता आली असती. पण माझीच लेक ती, सोडते थोडीच! "नदीवरच्या पुलाला," मी म्हणाले.

तिचे पाय थांबले. आम्ही नदीच्या पलीकडे राहतो. शाळेत ती रोज होडीने येते. गेल्या वर्षी होडी उलटली, तेव्हा नावाड्याने तिला वेणीला धरून वर काढलं. त्या दिवसापासून माझा जीव रोज दोनदा टांगणीला लागतो.

"पण सगळ्यांनी तर पुलाला हो म्हटलं होतं!"

"शंभरातल्या साठ जणांनी. तरी राष्ट्राध्यक्ष नाही म्हणू शकतात. त्याला नकाराधिकार म्हणतात."

"म्हणजे एकटा माणूस साठ जणांना गप्प बसवणार? ही कुठली दादागिरी?"

"गप्प नाही बसवत. पुन्हा विचार करा म्हणतो, आणि का, ते लिहून देतो. या कायद्यात काठावरची चाळीस घरं कुणाला न विचारता पाडायची आहेत. आता सभागृहाने ते तरी दुरुस्त करावं, नाहीतर सदुसष्ट जणांनी पुन्हा हात वर करावेत. मग राष्ट्राध्यक्षांचंही काही चालत नाही."

"आणि लिफाफा पोचलाच नाही तर?"

नेमका हाच विचार मी दुपारपासून हाकलत होते. "दहा दिवसांत नकार पोचला नाही, तर सहीशिवायच कायदा होतो. आज दहावा दिवस. मुदत पाचला संपते."

सचिवांच्या दाराच्या काचेतून घड्याळ दिसत होतं. पाचला सहा मिनिटं कमी. माझा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. जिन्यात पाय मुरगळला म्हटलं असतं, तर कुणी संशय घेतला नसता. सव्वीस वर्षांत मला एकदाही उशीर झाला नव्हता. चार मिनिटं उरली. लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आशा होती, आणि माझी मलाच भीती वाटली.

तीन मिनिटं.

मी दार ढकललं. सचिवांनी लिफाफा घेतला, लाख तपासली आणि वहीत वेळ लिहिली. चार सत्तावन्न.

आम्ही जिना उतरून खाली आलो. लेक म्हणाली, "तू थांबली असतीस तर पूल झाला असता."

"झाला असता."

"मग?"

"राष्ट्राध्यक्षांच्या नकाराविरुद्ध सदुसष्ट जणांना हात वर करता येतात. मी बाहेर थांबले असते, तर माझ्याविरुद्ध कुणी हात वर केला असता? कुणाला कळलंसुद्धा नसतं."

तिला पटलं की नाही, कोण जाणे. संध्याकाळी नदीला पाणी चढलं होतं. नावाड्याने दोर सोडला तशी ती मला चिकटून बसली, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत मी तिची वेणी मुठीत घट्ट धरून ठेवली.