ट्रॅक्टरचं लिंबू

तीस वर्षं पेणच्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे कोणी "तुला जमणार नाही" म्हटलं की माझं डोकं फिरतं. बाळ भावजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, नेमकं तेच म्हटलं आणि मी रोह्याहून एक जुना ट्रॅक्टर घेऊन टाकला. मागे खोदायचा लोखंडी हात, पुढे माती ढकलायचं पातं, आणि वय माझ्या मुलापेक्षा, शौनकपेक्षा, दोन वर्षांनी जास्त.

भांडण गागोद्याच्या जमिनीचं होतं. ह्यांच्या माघारी अर्धी माझ्या नावावर आलेली. भावजींना ती सगळी मुंबईच्या एका माणसाला विकायची होती आणि माझ्या सहीवाचून गाडं अडलं होतं. मला तिथे तळं हवं होतं, म्हणजे भातानंतर वालाला पाणी मिळालं असतं. सोमवारी ट्रॅक्टर आला तेव्हा सगळ्यांसमोर मी रागाने बोलून गेले, "रविवारी संध्याकाळपर्यंत यानं तळं खणलं, तर सहीचा विषय कायमचा बंद. नाही खणलं, तर सही करते."

ट्रॅक्टर घेऊन आलेल्या ड्रायव्हरने शिकवणी पाच मिनिटांत उरकली. चावी फिरवली की चालू, समोरचा लाल दट्ट्या बाहेर ओढला की बंद. ओढून दाखवला, इंजिन थांबलं आणि तो एसटी पकडायला पळाला. मग पूजा झाली. भावजींनी स्वतःच्या हाताने त्या बाहेर आलेल्या दट्ट्याला लिंबू-मिरची बांधली, दोऱ्याचे चांगले सात वेढे देऊन.

"जुन्या वस्तूला नजर फार लागते, श्यामला. शनिवारपर्यंत लिंबाला हात लावायचा नाही. बाधतं."

तरुणपणी याच जमिनीवर त्यांनी आठ वर्षं ट्रॅक्टर चालवला होता. म्हटलं, मला जरा शिकवा. तर म्हणाले, "आता कुठलं आठवतंय!"

मंगळवारी चावी फिरवली. घर्रर्र झालं, पण इंजिन पेट घेईना. बुधवारी नवी बॅटरी बसवली. तरी घर्रर्र. वडखळच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं, डिझेलच्या नळीत हवा धरली असेल. शेजारचे विठूभाऊ आणि मी नट ढिले करून हवा काढत बसलो. अंगावर डिझेल सांडलं, ट्रॅक्टर ढिम्म. ड्रायव्हरचा फोन लागेना. शौनकने पुण्याहून अकरा व्हिडिओ पाठवले, त्यातले नऊ वेगळ्याच ट्रॅक्टरचे होते.

गुरुवारी मी चिडून ते लिंबू ओढून फेकायला गेले, तर विठूभाऊ आडवे आले.

"बाई, शनवारपातूर हात नाय लावायचा. दादांनी सांगून ठेवलाय."

आणि मी, गणिताची बाई, हात मागे घेतला. लाज वाटते सांगायला, पण खरंच घेतला. शुक्रवारी रात्री झोप लागली नाही. सही करताना पेन कसं धरायचं याचाच विचार करत होते.

शनिवारी सकाळी विठूभाऊंची बायको बायजा नवं लिंबू घेऊन आली. तिने विळ्याने जुना दोरा कापला, दट्ट्यावरचं हळद-कुंकू पदराने पुसलं आणि पुसता पुसता तळव्याने तो दाबला. टक्कन आत गेला. मी काही आशा न ठेवता चावी फिरवली आणि ट्रॅक्टर असा धडधडला की बायजाच्या हातातलं लिंबू खाली पडलं.

"गो बायजा, काय केलास तू?" विठूभाऊ ओरडले.

तिने काय केलं ते मला कळलं होतं. ओढला की बंद, म्हणजे आत ढकलल्याशिवाय चालू कसा होणार? आणि सात वेढ्यांचा दोरा मध्ये असताना तो आत जाणार कुठून? पाच दिवस! वर्गात एखाद्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. नवं लिंबू मी पुढच्या दिव्याला बांधलं.

खोदायला बसले तर पहिल्याच घासाला माती येण्याऐवजी ट्रॅक्टरच मागे सरकत खड्ड्याकडे निघाला.

"बाई, आधी त्याचं पाय टेकवा!" विठूभाऊ ओरडले. दोन बाजूंचे लोखंडी पाय जमिनीत रोवले, मग जमलं. रविवारी दुपारी तळं तयार होतं आणि माझी कंबर गेली होती.

तीन वाजता भावजी गाडीतून आले, काखेत सहीचा कागद घेऊन. उतरले आणि तळ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. आधी पाहिलं त्या लाल दट्ट्याकडे. मग दिव्यावरच्या लिंबाकडे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि असा संताप आला म्हणून सांगू!

पण मी हसून चहा टाकायला सांगितला.

"हे कसलं तळं? डबकं आहे," भावजी ओसरीवर बसत म्हणाले. "पावसात टिकलं तर बघू. कागद राहू दे माझ्याकडे."

"बरं," म्हटलं. "जास्तीचं पाणी जायला चर तेवढा राहिलाय. तुमचा चहा होईतो खणते."

चर खणला. वाटेवर, त्यांच्या गाडीच्या मागे, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. वाटही माझ्याच वाटणीची. मग दट्ट्या ओढून इंजिन बंद केलं आणि विठूभाऊ, बायजा, जमलेला सगळा गाव यांच्यासमोर लिंबू-मिरची भावजींच्या हातात दिली.

"तुमच्याच हाताने बांधा. मागच्या वेळी बांधलंत तिथेच. फार गुण आला."

नाही कसं म्हणणार? बांधलं बिचाऱ्यांनी. वळून पाहतात तर चर.

"अगं, मला सहाला पेणला एका साखरपुड्याला पोचायचंय! हे बुजव आधी!"

"बुजवायला ट्रॅक्टर चालू करावा लागेल, भावजी. आणि लिंबाला शनिवारपर्यंत हात लावायचा नसतो. आज रविवार आहे."

साडेचार वाजले. पाच वाजले. विराजचे, त्यांच्या मुलाचे, चार फोन येऊन गेले. सव्वापाचला भावजी उठले, तरातरा ट्रॅक्टरवर चढले, दोरा तोडून लिंबू भिरकावलं, दट्ट्या आत ढकलला आणि पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू केलं. आठ वर्षांचा हात तो, विसरतो कसला!

विठूभाऊ हळूच म्हणाले, "दादा, म्हंजे तुमाला ठावं होतं व्हय?"

भावजी कानापर्यंत लाल झाले. मी ओसरीवरचा कागद उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, उभा फाडला, आडवा फाडला, तुकडे चरात टाकले आणि पुढच्या पात्याने माती ढकलून चर बुजवला. अगदी सफाईने, आधी रोवलेले पाय उचलायला न विसरता.

"पुढच्या आठवड्यात या," मी गाडीच्या काचेतून म्हटलं. "तळ्याच्या कडा सारख्या करायच्या आहेत, आणि तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"येतो," ते म्हणाले. "लिंबू आणू नकोस."