लाल चांदणी फिरत होती

मित्रांनो, तुम्ही धावत घरात शिरता तेव्हा पायरीशेजारचं लोखंडी झाकण खडखडतं ना, त्याच्याखालच्या खड्ड्यात मी बसलेलो असतो. मी पाण्याचा एक जुना मीटर आहे.

माझं अंग पितळेचं. पोटात एक चक्र, वर जाड काच, काचेखाली आकड्यांची ओळ आणि तिच्याजवळ डाळिंबाच्या दाण्याएवढी लाल चांदणी. आकडे सावकाश सरकतात, पण चांदणी जरासं पाणी गेलं तरी फिरते. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी शिक्का मारताना म्हटलं होतं, "हा अगदी बरोबर मोजतोय." त्या कौतुकावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मला ज्या घरी बसवलं, तिथं दोघी बहिणी राहत. थोरली कपडे शिवायची. आई गेली तेव्हा धाकटी जेमतेम सहा वर्षांची होती, म्हणून ताईनंच तिला लहानाचं मोठं केलं. तिची वेणी घालायला ताई याच पायरीवर बसायची. लाडानं तिला चिमी म्हणायची. चिमी मोठी झाली आणि इस्पितळात रुग्णांची सेवा करू लागली. कामावरून आली की ती आधी अंघोळ करायची, कपडे धुवायची, मगच ताईजवळ जाऊन बसायची. तिच्या अंघोळीचं पाणी किती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन बादल्या. कधी त्याहून कमीच.

मग एका वर्षी गावात पाण्याची टंचाई आली. पाणीखात्याचा माणूस दर महिन्याला झाकण उचलायचा, काचेवर बोट फिरवायचा, आकडे टिपायचा आणि पुढच्या घरी जायचा. एकदा त्यानं दारावर कागद चिकटवला. दोन माणसांच्या मानानं या घरात दुप्पट पाणी जातं, वापर कमी केला नाही तर जोडणी तोडू, असं त्यावर लिहिलं होतं. सगळ्या गल्लीनं तो कागद वाचला. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी चिमी पायरीवर चपला काढत होती. ताईनं तो कागद तिच्यासमोर धरला.

"तुझ्या अंघोळींनी ही वेळ आणली," ती म्हणाली.

"ताई, मी खरंच एवढं पाणी नाही गं वापरत."

"मग काय मी पिते?"

मित्रांनो, त्या वेळी माझी चांदणी फिरत होती. घरातला एकही नळ चालू नव्हता, तरी ती फिरत होती. अंगणाखाली पाइपला चीर गेली होती आणि पाणी मुकाट मातीत मुरत होतं. पण माझ्यावर झाकण होतं, काचेवर चिखल साचला होता आणि मला तोंड नव्हतं.

चिमी कपडे इस्पितळातच धुऊन आणू लागली. एके दिवशी ती मानेपर्यंत केस कापून आली. केस धुवायला पाणी कमी लागेल, एवढंच म्हणाली. पुढच्या महिन्यात दारावर दुसरा कागद लागला. तेव्हा ताई जे बोलली, ते मी तुम्हाला सांगणार नाही. आठवड्याभरात चिमीनं दूरच्या शहरात नोकरी धरली आणि बॅग उचलून गेली.

ती गेली, तरी तिसरा कागद आलाच.

तो हातात घेऊन ताई बराच वेळ पायरीवर बसून राहिली. मग तिनं एका म्हाताऱ्या प्लंबरला बोलावलं. म्हाताऱ्यानं माझी काच फडक्यानं स्वच्छ पुसली, घरातले सगळे नळ बंद करायला लावले आणि ताईला खाली वाकायला सांगितलं. चांदणी फिरत होती. त्यानं आकडे खडूनं पायरीवर लिहिले. तासाभरानं पाहिलं, तर ते पुढे सरकले होते. मग त्यानं दाराजवळची, घरात जाणाऱ्या पाइपची चावी बंद केली. चांदणी तरीही थांबली नाही. "म्हणजे गळती घरात नाही, इथं अंगणात आहे," तो म्हणाला आणि खणू लागला. हातभर खाली सगळा चिखल होता.

"किती दिवसांची असेल?" ताईनं विचारलं.

त्यानं गंजलेला पाइप उलटसुलट करून पाहिला. "वर्ष तरी झालं असेल, बाई."

नवा पाइप बसला. चांदणी थांबली. ताईचे हात चिखलानं भरले होते, म्हणून तिनं चिमीला फोन लावून स्पीकर चालू केला आणि तो पायरीवर ठेवला. सगळं सांगितलं.

पलीकडून चिमी म्हणाली, "पाण्याचं काही नाही गं, ताई. पण तू मला ओळखत होतीस ना?"

"चुकलं माझं. घरी ये."

"मी रागावले नाहीये. पण आता नाही यायचं मला."

त्याला चार वर्षं झाली. ती आली नाही. ताई रोज सकाळी नळ बंद करून झाकण उचलते, पदरानं माझी काच पुसते आणि थांबलेल्या चांदणीकडे पाहत बसते. मी बरोबर मोजतो, हे तिला आता पुरतं पटलंय. पण ती जे शोधते, ते माझ्या आकड्यांत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे पाणी जास्त जातंय असं वाटलं, तर सगळे नळ बंद करा आणि माझं झाकण उचला. काच पुसा. आकडे लिहून ठेवा, तासाभरानं पुन्हा पाहा. तेवढा एक तास घरात कुणाला काही बोलू नका.